ग्राफिक्स कार्डाचे पैसे रॅममध्ये घाल: जिओइन्फर्मेटिक्सला येणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. हिंगोली जिल्ह्यातून भूगोलात बी.एस्सी. झालं, पुण्यात एम.एस्सी. जिओइन्फर्मेटिक्सला प्रवेश मिळाला. प्रवेशाच्या कागदांसोबत एक यादी आली आहे: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १ टीबी डिस्क. तालुक्याच्या दुकानदारानं ९८ हजारांचा गेमिंग लॅपटॉप दाखवला आणि ‘सगळी सॉफ्टवेअरं मीच टाकून देतो’ म्हणाला. वडिलांकडे ६५ हजार आहेत. वरचे पैसे हप्त्यानं भरायचे, की मामेभावाचा २०१७ सालचा मॅकबुक घेऊन काम भागवायचं, असं तू विचारतेस.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. हप्ता करू नकोस. मॅकबुकही नको. ६५ हजारांत तुझं काम नीट होईल आणि त्यातलेही पाच-सहा हजार लॅपटॉपवर खर्च करायचे नाहीत. ते कशाला लागतात ते पुढे येईलच.

मी २२ वर्षं जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती जोडून अभ्यासायचं तंत्र, शिकवते आणि विभागाची लॅबही सांभाळते. अशा याद्या आमच्यापैकीच कुणीतरी बनवतं. बनवताना डोळ्यांसमोर वर्गातलं सगळ्यात जड काम असतं. तीस मुलांत एखादा ड्रोनचे हजारभर फोटो जुळवत बसणारा निघतो आणि त्याच्या मापाचा लॅपटॉप बाकीच्या एकोणतीस घरांना घ्यायला लागतो. यादी खोटी नसते, पण ती तुझ्यासाठी शिवलेली नसते. म्हणून लॅपटॉप बघायच्या आधी आपलं काम नक्की कुठल्या यंत्रावर होणार आहे, हे समजून घे.

तुझं काम तीन ठिकाणी होईल. रोजची प्रॅक्टिकलं, नकाशे, लेखन हे तुझ्या लॅपटॉपवर. आर्कजीआयएस प्रो (नकाशांसाठी), एर्डास (उपग्रहचित्रांसाठी) यांसारखं परवान्याचं सॉफ्टवेअर आणि ड्रोनचं जड काम विभागाच्या लॅबमधल्या वर्कस्टेशनवर. आणि वीस-पंचवीस वर्षांच्या उपग्रहचित्रांवरचं काम गूगल अर्थ इंजिनवर, म्हणजे गणित होणार गूगलच्या यंत्रांवर आणि तुझ्या हातात फक्त ब्राउझर. अर्थ इंजिन शिक्षण-संशोधनासाठी मोफत आहे, प्रोजेक्टची नोंदणी करावी लागते एवढंच. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं २००८ पासून सगळ्यांना फुकट मिळू लागली. त्याआधी आम्ही एकेका चित्रासाठी पैसे मोजायचो आणि टपालानं येणाऱ्या सीडीची वाट बघायचो. आज १९८०च्या दशकापासूनची तुझ्या तालुक्याची चित्रं ब्राउझरमध्ये काही मिनिटांत समोर येतात आणि त्यासाठी ९८ हजारांचं यंत्र लागत नाही.

आता रॅमचा हिशेब. हा कागद-पेन घेऊन माझ्याबरोबर कर, कारण पुढं कुठल्याही दुकानात तुला तोच उपयोगी पडेल.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं तू दोन वर्षांत सगळ्यात जास्त उघडशील. त्यांची एक टाइल, म्हणजे चित्राचा एक चौकोनी तुकडा, साधारण ११० किलोमीटर लांब आणि तितकीच रुंद असते. १० मीटरच्या बँडमध्ये (बँड म्हणजे प्रकाशाच्या एका रंगपट्ट्याचं चित्र, आणि इथं त्यातला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) एका बाजूला १०,९८० पिक्सेल, म्हणजे एका बँडात १२ कोटींहून जास्त पिक्सेल. प्रत्येकाला २ बाइट धरले तर एक बँड मेमरीत उलगडल्यावर सुमारे २४० एमबी होतो. निळा, हिरवा, लाल आणि डोळ्याला न दिसणारा नियर इन्फ्रारेड असे चार बँड घेतले की झाला जवळपास १ जीबी. पिकांची हिरवाई मोजणारा एनडीव्हीआय काढायचा तर संख्या दशांशात न्याव्या लागतात, तिथं पिक्सेलला ४ बाइट लागतात. दोन बँड आणि त्यांचं उत्तर मिळून एका तारखेला जवळपास दीड जीबी. खरिपाच्या सहा तारखा एकदम घेतल्या तर ९ जीबी. विंडोज, ब्राउझर आणि मागे उघडी असलेली पीडीएफ यांचे आणखी चार-पाच धर.

म्हणजे ८ जीबीचा लॅपटॉप इथं संपतो. रॅम भरली की यंत्र डिस्कवर लिहू-वाचू लागतं, माउस अडकतो आणि मुलं समजतात की प्रोसेसर कमी पडला. एक गोष्ट मात्र खरी: क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर चित्र तुकड्यातुकड्यानं वाचतं, त्यामुळं ८ जीबीवरही ते रखडत का होईना चालतं. अडतं ते पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, कारण सुरुवातीला सगळेच अख्खं चित्र एका झटक्यात वाचायचा कोड लिहितात. त्यामुळे १६ जीबी रॅम घे. यादीतली ही एक ओळ अगदी बरोबर आहे आणि तिच्यावर तडजोड करू नकोस.

या सगळ्या हिशेबात ग्राफिक्स कार्ड कुठंही आलं नाही, हे लक्षात घे. जीआयएसची बहुतेक नेहमीची कामं, म्हणजे क्लिप (नकाशा कापणं), बफर (भोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढणं), ओव्हरले (थर एकमेकांवर ठेवणं), पाणलोटाच्या सीमा काढणं, प्रोसेसरवर होतात आणि त्यातली बरीचशी एकाच कोअरवर. ग्राफिक्स कार्ड खरोखर राबतं ते दोन कामांत: ड्रोनचे फोटो जुळवून त्रिमितीय नकाशा करणं आणि डीप लर्निंगनं चित्रातली घरं, झाडं, शेततळी ओळखणं. पहिलं काम लॅबमध्येच करावं लागतं. दुसऱ्यासाठी गूगल कोलॅब आहे, म्हणजे ब्राउझरमधून गूगलच्या यंत्रावर कोड चालवायची सोय. त्यात मोफत मिळणाऱ्या टी-४ कार्डाला १६ जीबी मेमरी असते, दुकानदार दाखवतोय त्या कार्डाच्या चौपट. ते हवं तेव्हा मिळेलच असं नाही आणि मोफत सत्र मध्येच तुटतं, हा त्रास आहे. पण वर्षातून पंधरा दिवस लागणाऱ्या गोष्टीसाठी दोन वर्षं अडीच किलोचा लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर पाठीवर वाहायचा, तोही हप्ते भरत, हे मला पटत नाही. गेमिंग लॅपटॉपची बॅटरी शेताच्या बांधावर दोन तासांत मान टाकते, हे मी दरवर्षी फील्डवर बघते.

प्रोसेसरवर मी फार वेळ घालवणार नाही. आय-फाइव्ह किंवा रायझन-५ पुरे, फक्त गेल्या दोन-तीन वर्षांतला हवा. स्टिकरवर ‘आय-सेव्हन’ असणं काही सांगत नाही. पाच पिढ्या जुन्या आय-सेव्हनपेक्षा आजचा आय-फाइव्ह बरा चालतो. दुकानदाराला पूर्ण मॉडेल क्रमांक विचार. शेवटी एच अक्षर असेल तर ताकद जास्त आणि बॅटरीचा खप जास्त, यू असेल तर उलट. तुला दोन्हींतलं काहीही चालेल. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे हलके लॅपटॉप हल्ली दिसतात, बॅटरीही छान टिकते, पण आर्कजीआयएस प्रोसाठी ते घेऊ नकोस.

डिस्क एसएसडीच हवी, एनव्हीएमई प्रकारची, ५१२ जीबी. चालू केल्यावर ती ४७६ जीबी दिसेल. फसवणूक नव्हे, कंपनी दशमान पद्धतीनं मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत. १ टीबी मिळाली तर चांगलंच, पण त्यासाठी रॅम कमी करू नकोस. आणि पडद्याकडे नीट बघ, याकडे कुणी लक्ष देत नाही. स्वस्त पडद्यावर फिका हिरवा आणि पिवळा एकसारखे दिसतात. भू-वापराच्या नकाशात पडीक आणि कोरडवाहूचे रंग तुला वेगळे दिसत नाहीत, मार्गदर्शकांना प्रोजेक्टरवर दिसतात आणि मग वर्गीकरणाच्या चुका सगळ्यांसमोर बाहेर येतात. आयपीएस पडदा, १९२० बाय १०८० एवढं माग. दुकानात लॅपटॉप तिरका करून बघ; रंग पालटले तर तो बाजूला ठेव.

मॅकबुकचं कारण सोपं आहे. आर्कजीआयएस प्रो फक्त विंडोजवर चालतं. क्यूजीआयएस, संख्याशास्त्राची भाषा आर आणि पायथन मॅकवर उत्तम चालतात, पण २०१७च्या त्या यंत्रात ८ जीबी रॅम आणि बहुधा १२८ जीबी डिस्क असेल, आणि त्याची रॅम वाढवता येत नाही. मामेभावाचे आभार मान आणि ते घरी धाकट्याला अभ्यासाला राहू दे. वर्गातलं कुणी जुना विंडोज लॅपटॉप विकत असेल तर तोही पर्याय वाईट नाही, फक्त त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का ते बघ. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची बहुतेक यंत्रं विंडोज ११ला अधिकृतपणे चालत नाहीत.

आता सॉफ्टवेअर, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे.

दुकानदाराकडून एकही सॉफ्टवेअर टाकून घेऊ नकोस. विंडोज लॅपटॉपसोबत कंपनीचं आलेलं असेल तेवढंच ठेव. तो जे आर्कजीआयएस टाकून देईल ते बहुधा जुनं आर्कमॅप (आर्कजीआयएस प्रोच्या आधीचं) असेल, क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं. आर्कमॅपचा कंपनीकडचा आधार १ मार्च २०२६ रोजी संपला, त्यामुळं ते शिकण्यात आता अर्थही उरला नाही. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. क्रॅक टाकायची पहिली पायरी काय असते? अँटिव्हायरस बंद करा. घराचं दार उघडं टाकून अनोळखी माणसाला आत घ्यायचं आणि तुझ्या सर्वेक्षणाच्या फायली त्याच घरात ठेवायच्या. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका मुलीचा लॅपटॉप सकाळी उघडला तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावामागे एक अनोळखी शेपूट लागलं होतं आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी एक चिठ्ठी होती. त्या फायली परत मिळाल्या नाहीत. क्रॅक तिनं आठवडाभर आधी टाकलं होतं.

शिवाय गरजच नाही. क्यूजीआयएस मोफत आहे, मुक्त आहे आणि लंगडं अजिबात नाही. २००२ मध्ये एका माणसानं फावल्या वेळात सुरू केलेलं हे काम आज जगभरची सरकारी खाती वापरतात. उतरवताना ‘लाँग टर्म रिलीज’ लिहिलेली आवृत्ती घे. नवी आवृत्ती दर चार महिन्यांनी येते, पण लाँग टर्म आवृत्ती वर्षभर स्थिर राहते आणि वर्गात सगळ्यांच्या पडद्यावर तीच बटणं दिसतात. इन्स्टॉलर १ जीबीच्या वर आहे, तेव्हा मोबाइल डेटावर उतरवू नकोस, कॉलेजच्या वायफायवर बसून घे.

आर्कजीआयएस प्रो शिकायचंच आहे, कारण नोकरीच्या जाहिरातीत ते नाव येतं. पण ते विद्यापीठाच्या परवान्यावर. पहिल्याच आठवड्यात लॅबमधल्या सहायकांना विचार की विद्यार्थ्यांना स्वतःच्या लॅपटॉपवर वापरायला खातं मिळतं का, की फक्त लॅबमध्ये बसूनच वापरायचं. दोन्ही पद्धती ठिकठिकाणी आहेत. मुलं लाजतात आणि विचारत नाहीत, मग दुसऱ्या वर्षी कळतं की खातं मिळत होतं.

पायथनसाठी मिनीफोर्ज टाक. जीआयएसच्या पायथन लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) एकेक करून टाकायला गेलं की जीडाल नावाच्या पायाभूत लायब्ररीशी भांडण होतं आणि दोन दिवस त्यातच जातात. मिनीफोर्ज ते जुळवून देतं. एक सवय पहिल्या दिवसापासून लाव: प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं एन्व्हायर्नमेंट (लायब्रऱ्यांचा स्वतंत्र कप्पा) कर, मूळ एन्व्हायर्नमेंटमध्ये काहीही टाकू नकोस. मग काही बिघडलं तर तेवढंच पुसून नव्यानं करता येतं. आर आणि आरस्टुडिओ संख्याशास्त्राच्या पेपरला लागतील. संदर्भ सांभाळायला झोटेरो, तेही मोफत. लिनक्स लगेच नको; विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू केलं की त्याची ओळख होईल आणि वर्गातलं काम अडणार नाही.

आयआयआरएस (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग), देहरादून ही इस्रोच्या कुटुंबातली संस्था आहे. रिमोट सेन्सिंग (उपग्रहातून जमिनीची माहिती घेणं) आणि जीआयएसचे तिचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात आणि प्रमाणपत्रही मिळतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये क्यूजीआयएसची मालिका आहे, आणि त्यांच्या बऱ्याच मालिका मराठीतूनही ऐकता येतात. तुझ्याकडे वर्ग सुरू व्हायच्या आधी महिना-दीड महिना आहे. लॅपटॉप नसला तरी कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर क्यूजीआयएस टाकून बघ. स्वतःच्या गावाचा नकाशा काढ: रस्ता, ओढा, शाळा, पाझर तलाव. उंचीसाठी एसआरटीएम या जमिनीच्या उंचीच्या माहितीसंचाची फाइल घे. एका अंशाची टाइल जेमतेम २५ एमबीची, कुठल्याही यंत्रावर उघडते. ती माहिती स्पेस शटलनं फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत गोळा केली आणि अजूनही आपण तिच्यावर ओढे-नाले काढतो.

तुझा मोबाइलही एक यंत्र आहे, हे यादीत कुणी लिहीत नाही. क्यूफील्ड हे ॲप टाकलंस की लॅपटॉपवरचा क्यूजीआयएसचा नकाशा फोनमध्ये येतो आणि शेतात उभं राहून त्यावर बिंदू टाकता येतात. उघड्या आकाशाखाली साध्या फोनची चूक साधारण तीन ते पाच मीटर असते. विहीर, हातपंप, शेततळं यांना ते पुरतं. बांधाची हद्द मोजायला पुरत नाही, आणि त्यावरून कुणाच्या भांडणात साक्ष देऊ नकोस. फोनसाठी एक चांगली पॉवर बँक घे. फील्डवर लॅपटॉपच्या आधी फोनच संपतो.

आता एक गोष्ट, जी इंग्रजी याद्यांत येणं शक्यच नाही आणि आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला छळते: मराठी नावांचा डेटा.

तू गावांची यादी मिळवशील. ती कधी जुन्या फाँटमध्ये असेल, उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावीच लागते, आणि बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’ एकेक करून तपासावी लागतात. नीट झालेली यादी एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुराचा तक्ता) करताना साधी सीएसव्ही निवडलीस तर सगळ्या गावांची प्रश्नचिन्हं होतील आणि फाइल बंद केल्यावर ती परत येणार नाहीत. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय त्याच यादीत असतो, तो निवड.

मग ती यादी शेपफाइलला, म्हणजे नकाशाच्या फाइलला, जोडायला जाशील. शेपफाइल हा १९९०च्या दशकातला प्रकार आहे आणि त्यात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट खातं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘तालुका’ हा साधा शब्द सहा चिन्हांचा, म्हणजे १८ बाइटचा. रकान्याचं नाव ‘ताल’वर तुटतं. म्हणून रकान्यांची नावं रोमन लिपीत आणि छोटी ठेव, आत गावांची नावं खुशाल मराठीत लिही, आणि शक्य तिथं शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हा नकाशाच्या फाइलचा नवा प्रकार वापर. जिओपॅकेजला ही मर्यादा नाही, शेपफाइलची २ जीबीची अटही नाही, आणि चार-पाच तुकड्यांच्या जागी एकच फाइल. मुलं मेलवर शेपफाइलचा फक्त डॉट एसएचपी हा तुकडा पाठवतात आणि डीबीएफ, एसएचएक्स हे तुकडे घरीच राहतात. हा रोजचा प्रसंग त्यामुळं टळतो.

आणि जोडणी नावावरून कधीही करू नकोस, गावाच्या जनगणना कोडावरून कर. वडगाव, पिंपळगाव, पिंपरी महाराष्ट्रात किती आहेत ते तूच बघ. एका तालुक्यातसुद्धा बुद्रुक-खुर्द असतं, आणि यादीत कुणी ‘बु.’ लिहितं, कुणी ‘बुद्रुक’, कुणी काहीच नाही.

टायपिंगला इन्स्क्रिप्ट शीक. विंडोजमध्ये ते आधीच असतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. रोज वीस मिनिटं दिलीस तर साधारण तीन आठवड्यांत हात बसतो. शेतकऱ्यांशी बोलून भरायच्या प्रश्नावल्या मराठीतच होतील, तिथं हे फार कामाला येईल.

आता ते बाजूला ठेवलेले पाच-सहा हजार.

माझा एक विद्यार्थी विहिरींच्या पाणीपातळीवर काम करत होता. बालाघाटच्या डोंगराच्या अलीकडची बारा गावं, दीडशेच्या आसपास विहिरी. मे महिन्यात भर उन्हात टेपला वजन बांधून त्यानं प्रत्येक विहिरीची पातळी मोजली, मग पावसाळा झाल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा. दिवाळीच्या सुट्टीहून परत येताना बस स्टँडवर पाणी प्यायला वळला तेवढ्यात बॅग गेली. लॅपटॉप त्यात होता. बॅकअप घेतला होता का, विचारलं. म्हणाला, घेतला होता मॅडम, पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह कुठं आहे? त्याच बॅगेच्या पुढच्या कप्प्यात.

लॅपटॉप दुसरा आला. ऑक्टोबरचे आकडे चार दिवस पुन्हा फिरून बऱ्यापैकी मिळाले. पण मे महिना परत कुठून आणायचा? त्या वर्षीच्या मेची पातळी त्या वर्षीच्या मेमध्येच मोजता येते. वाचवलं ते एका वहीनं. त्यानं विहिरीच्या काठावर आकडे आधी वहीत पेन्सिलनं टिपले होते आणि ती वही गावी आईकडे राहिली होती. घामानं आणि पाण्यानं काही पानं फुगली होती. आम्ही दोघांनी भिंग घेऊन एकेक आकडा वाचला. एकोणीस विहिरींचे आकडे लागलेच नाहीत, त्या अभ्यासातून वगळाव्या लागल्या.

तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला पहिल्या तासाला हे करून घेते आणि तूही कर. १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घे. ती हॉस्टेलच्या कपाटात राहील, बॅगेत कधीही जाणार नाही. दर रविवारी प्रोजेक्टचा फोल्डर तिच्यावर. तिसरी प्रत विद्यापीठानं दिलेल्या खात्याच्या ड्राइव्हवर. तिथं सगळं टाकायची गरज नाही. सेंटिनेलची चित्रं पुन्हा उतरवता येतात. तुझे फील्डचे बिंदू, फोटो, प्रश्नावल्या, कोड आणि प्रबंधाचा मसुदा पुन्हा मिळत नाही. ते थोडकंच असतं, ५-१० जीबीत मावतं. आणि फील्डवर वही हवीच. पेन्सिलनं लिही, शाई फुटते.

इथंच एक चूक होते ती सांगून ठेवते. विंडोज डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप वनड्राइव्हशी जोडून टाकतं. त्या फोल्डरमध्ये क्यूजीआयएसचा प्रोजेक्ट उघडा ठेवून काम केलं की दोघंही एकाच फाइलला हात घालतात आणि जिओपॅकेज बिघडू शकतं. सी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर कर, नावात स्पेस नको, मराठी अक्षरं नकोत, कारण जुनी टूल्स तिथं अडखळतात. काम तिथं, आणि संपल्यावर प्रत वर ड्राइव्हवर.

वरुड-मोर्शीकडच्या संत्राबागांवर काम करणाऱ्या एका मुलीला दोन टाइलमधल्या बागा एकमेकींवर बसेनात, तेव्हा तिनं तीन दिवस लॅपटॉपला दोष दिला, रॅम वाढवून आणली. गोष्ट अशी होती की ७८ अंश रेखावृत्त मोर्शीजवळूनच जातं. त्याच्या पश्चिमेला यूटीएम झोन ४३, पूर्वेला ४४; हे झोन म्हणजे नकाशासाठी पाडलेले पृथ्वीचे उभे पट्टे, प्रत्येकाची मोजणी वेगळी. दोन टाइल दोन झोनमध्ये होत्या. सगळं एका झोनमध्ये आणल्यावर बागा जागेवर आल्या. तुझा हिंगोली जिल्हा ४३मध्ये येतो, पण विदर्भात काम निघालं तर हे आठव. यंत्र बिघडलं असं वाटण्याच्या दहा प्रसंगांत सात-आठ वेळा यंत्र ठीक असतं.

खरेदी कधी करायची, हा तुझा शेवटचा प्रश्न. घरून घेऊन येऊ नकोस. पुण्यात ये, पहिले पंधरा दिवस लॅबमध्ये बस, दुसऱ्या वर्षाच्या मुलींचे लॅपटॉप हाताळ, त्यांना कुठं अडतं ते विचार. मग घे. यादीतल्या ग्राफिक्स कार्डाबद्दल काळजी वाटत असेल तर विभागप्रमुखांना सरळ विचार. ते नसल्यामुळं कुणी प्रवेश नाकारत नाही. बिल तुझ्या नावावर घे आणि वॉरंटीचा माणूस जागेवर येतो की यंत्र सर्व्हिस सेंटरला द्यावं लागतं, ते विचारून घे. परीक्षेच्या तोंडावर लॅपटॉप दहा दिवस दुरुस्तीला जाणं महागात पडतं.

दुकानात बसून एक गोष्ट स्वतः तपास. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक कर. उजवीकडे खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ असं लिहिलेलं दिसेल. ‘१ ऑफ २’ असेल तर एक जागा रिकामी आहे, पुढं रॅमची पट्टी वाढवता येईल. हल्ली काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथं पुढं काहीच करता येत नाही आणि हा आकडाही कधी फसवा येतो, म्हणून त्या मॉडेलची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर उघडून दुकानदारासमोरच वाच. १६ जीबी आणि एक जागा रिकामी असं मिळालं तर तेच घे, मग प्रोसेसर एक पायरी खालचा असला तरी चालेल. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरेल. तो जड निघाला तर तेव्हा दुसरी पट्टी टाकू, आणि ड्रोनचा निघाला तर मला आधी सांग, लॅबच्या वर्कस्टेशनवर तुझे वार लावून घ्यायला अर्ज कसा करायचा ते सांगते.